सॅच्युरेशन ९८ होतं, मग ऑक्सिजन कशाला?

वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : माझ्या आईचं वय ५८. गेल्या महिन्यात लातूरला तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. सगळं नीट पार पडलं, पण आई अजून एकच सांगत बसते. टेबलावर घेतल्यावर तोंडावर मास्क दाबून धरला, ‘मोठा श्वास घ्या’ म्हणत राहिले आणि तिचा जीव गुदमरला. वॉर्डात तिचं सॅच्युरेशन ९८ होतं, आम्ही स्वतः पाहिलं. मग ऑक्सिजन कशाला लावला? फुप्फुसात काही दोष निघाला आणि आमच्यापासून लपवला का? २०२१ मध्ये आमच्या घरातलं एक माणूस ऑक्सिजनवर असतानाच गेलं. तेव्हापासून वडिलांच्या मनातली ही शंका जाईना.
– एक वाचक, ता. रेणापूर

उत्तर : आधी वडिलांना सांगा की लपवलेलं काही नाही. पूर्ण भूल देताना आम्ही हा मास्क सगळ्यांनाच लावतो. पैलवान असो, तलाठी असो, नाहीतर आमच्याच खात्यातला डॉक्टर. कोविडपासून ‘ऑक्सिजन लावला म्हणजे पेशंट सिरियस’ हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की थिएटरच्या दारातून आत डोकावलेले नातेवाईक मास्क बघूनच रडायला लागतात. त्यांचं काही चुकत नाही. त्या वर्षी सिलिंडरसाठी जी पळापळ झाली ती सगळ्यांनी बघितली आहे.

आता ९८ चं बघू. या आकड्याचा अर्थ एवढाच, की आत्ता, या क्षणी, रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजननं जवळपास पूर्ण भरलेलं आहे. श्वास थांबला तर हे किती वेळ टिकेल, हे तो आकडा सांगत नाही. आणि भूल देताना श्वास थांबतोच. शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध गेलं की अर्ध्या-एक मिनिटात डोळे मिटतात, जबडा सैल पडतो, श्वास बंद. मग स्नायू ढिले करायचं औषध, ते लागू पडेपर्यंत थांबणं, आणि त्यानंतर घशात दुर्बीण घालून श्वासनलिकेत नळी. या मधल्या वेळात आम्ही मास्क आणि बॅगेनं श्वास देतो, बहुतेकांना तो नीट जातोही. पण जाईलच अशी खात्री नसते. जीभ मागं पडते, दात नसले की गाल आत जातात, दाढी दाट असली की मास्कच्या कडेनं सगळं बाहेर जातं. तुमच्या आईच्या बाबतीत असं काही झालं असेल असं मी म्हणत नाही. पण हे कुणाच्या बाबतीत होणार हे आधी दरवेळी कळत नाही, म्हणून तयारी सगळ्यांचीच करायची.

थोडं गणित सांगते. मोठ्या माणसानं सहज श्वास सोडला तरी फुप्फुसात साधारण अडीच लिटर हवा शिल्लक राहते. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. फुप्फुसाच्या फुग्यांत पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड आपापला वाटा घेतात आणि तिथं ऑक्सिजन उरतो १३-१४ टक्के, म्हणजे साडेतीनशे मिलीच्या आसपास. शरीर नुसतं पडून असलं तरी मिनिटाला अडीचशे मिली खातं. दीड मिनिटात खेळ खलास. उरलेली जागा कुणी अडवलेली असते? नायट्रोजननं, आणि त्याचा या कामी काहीच उपयोग नाही.

लातूरकरांना यापुढचं समजावताना मला फार बोलावं लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्यांच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्यांना नळ आला की टाकी, हंडे, बादल्या, पातेली सगळं भरून ठेवायची सवय आहे. पुढचं पाणी कधी येईल ते आपल्या हातात नसतं. भुलीचं औषध द्यायच्या आधी तीन मिनिटं आम्ही मास्कनं ऑक्सिजन देतो, ती म्हणजे हीच भरणी. फरक इतकाच, की इथं भांड्यात आधीच नायट्रोजन असतो, तो बाहेर काढत काढत ऑक्सिजन भरायचा. मास्क गच्च बसवून तीन मिनिटं साधा श्वास घेतला की फुप्फुसातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या जवळ जातो, म्हणजे सव्वादोन लिटर. आता धडधाकट माणूस श्वासाशिवाय आठेक मिनिटं धोक्याच्या रेषेच्या वर राहू शकतो. आजारी माणसाला एवढा वेळ मिळत नाही, लहान मुलांना आणि गरोदर बाईला तर आणखी कमी. तरीही न भरता जेवढा मिळाला असता त्यापेक्षा तो जास्तच असतो.

मास्क दाबून धरण्याचं कारणही यातच आहे. कडेला बोटभर फट राहिली तरी प्रत्येक श्वासाबरोबर खोलीतली हवा आत येते आणि नायट्रोजन पुन्हा भरतो. मास्क लावल्यावर माझी नजर पेशंटच्या चेहऱ्यावर कमी आणि रबरी बॅगेवर जास्त असते. श्वास आत घेतला की बॅग आकसली पाहिजे, सोडला की फुगली पाहिजे. बॅग लोंबकळत पडून राहिली तर समजायचं की फट आहे, आणि मग घड्याळात तीन मिनिटं झाली काय नि पाच झाली काय, भरलं काहीच नाही. ज्या मशीनवर सोडलेल्या श्वासातला ऑक्सिजन मोजता येतो तिथं मी ९० चा आकडा येईपर्यंत थांबते. सर्जन हात धुऊन उभे असतात, घड्याळाकडं बघतात. बघू देत.

घाईच असेल, म्हणजे रक्तस्राव चालू आहे किंवा पोटातल्या बाळाचे ठोके मंदावताहेत, तर एका मिनिटात आठ खोल श्वास घ्यायला लावतात. त्यानंही काम भागतं. आईला ‘मोठा श्वास घ्या’ सांगितलं ते बहुधा सवयीनं. तीन मिनिटं हातात असतील तर मोठे श्वास घ्यायची गरज नसते, नेहमीसारखे घेतले तरी चालतात.

राहिलं गुदमरणं. ते खोटं नाही. डोळ्यांसमोर अनोळखी माणसं, वरून दिव्याचा उजेड, नाकाशी प्लास्टिकचा वास आणि तोंडावर कुणाचा तरी हात. ‘बाई, लई गुदमरायलंय, काढा की’ हे मी रोज ऐकते. आत ऑक्सिजन मुबलक असतो, पण ते सांगून भीती जात नाही. मी मास्क पेशंटच्याच हातात देते, आधी नुसता नाकाजवळ धरायला लावते आणि चार श्वासांनंतर तो टेकवते. बहुतेक जण मग शांत होतात. हे वॉर्डातच, आदल्या दिवशी सांगून ठेवलं असतं तर आईला इतका त्रास झाला नसता. घरात पुढं कुणाचं ऑपरेशन निघालं तर तुम्हीच सांगून ठेवा.

आणखी एक. पोट रिकामं नसेल तर भूल दिल्यावर मास्कनं श्वास देणं आम्ही शक्यतो टाळतो, कारण हवा जठरात शिरली की अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. तेव्हा नळी जागेवर बसेपर्यंत माणूस केवळ त्या भरलेल्या साठ्यावर असतो. म्हणून विचारलं की खरं सांगा. सकाळी दुधाचा चहा घेतला असेल तर तो पाण्यात मोजू नका. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, दूध आणि भाकरीला सहा तास लागतात. ‘दोनच घास खाल्ले’ हे ऑपरेशननंतर सांगून उपयोग नाही.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. बारा-तेरा वर्षं गुटखा आहे. हर्नियाच्या ऑपरेशनला गेलो तर भुलीच्या डॉक्टरनं तोंड उघडायला लावलं, बोटं घालून पाहिली आणि मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले. हर्निया खाली आणि तोंड वर, दोन्हीचा काय संबंध? ही टाळाटाळ नाही का?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : टाळाटाळ नाही, त्या डॉक्टरांनी तुमच्यावर उपकार केलेत. तुमची किती बोटं गेली ते तुम्ही लिहिलेलं नाही. आरशासमोर उभे राहा, तोंड जमेल तेवढं उघडा आणि पहिली तीन बोटं उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घाला. तीन गेली तर ठीक. दोन जेमतेम जात असतील तर गुटख्यातल्या सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर कडक करून टाकलंय. गाल आतून पांढरट आणि चामड्यासारखा लागतो, तिखट सहन होत नाही. हे आमच्या भागात पंचविशीच्या पोरांमध्येही दिसतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कुठल्या टपरीवर मिळतो हे मला सांगायची गरज नाही.

नळी घालायची तर तोंडातून दुर्बिणीचं पातं आत जावं लागतं. अनेकांना वाटतं की भूल दिली की जबडा आपोआप सैल पडेल. दुखण्यामुळं किंवा आखडल्यामुळं तोंड बंद असेल तर तसं होतंही. तुमच्या गालातले पट्टे मात्र स्नायूंचे नाहीत, तंतूंचे आहेत. त्यांच्यावर स्नायू ढिले करायच्या औषधाचा काही परिणाम होत नाही. जागेपणी दीड बोट, तर बेशुद्धीतही दीडच बोट. आधी ऑक्सिजन भरून आठ मिनिटं मिळवली तरी ती कशासाठी? रस्ता उघडायला वेळ मिळावा म्हणून. रस्ता उघडणारच नसेल तर ती आठ मिनिटं नुसती मोजत बसायची.

अशा पेशंटला जागेपणीच नळी घालतात. घसा आणि नाक औषधानं बधिर करून नाकातून बारीक, वळणारी दुर्बीण श्वासनलिकेत उतरवायची आणि तिच्यावरून नळी सरकवायची. खोकला येतो, डोळ्यांत पाणी येतं, पण श्वास तुमचा तुम्हीच घेत असता, एक क्षणही थांबत नाही. नळी जागेवर बसल्याची खात्री झाली की मगच झोप. ही दुर्बीण आणि ती चालवणारा हात प्रत्येक तालुक्याला नसतो, म्हणून पाठवलं.

तुम्ही म्हणाल, हर्निया तर पाठीत सुई देऊनही होतो. होतो, आणि तुमच्यासाठी कदाचित तेच ठरेल. पण पाठीतली भूल कधी अपुरी पडते, कधी मध्येच उतरते, आणि मग तोंडाकडंच यावं लागतं. म्हणून ती देतानाही दुसरा रस्ता तयार असलेलं ठिकाण बरं.

बिडी-सिगारेटही असेल तर ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून तरी एकही नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा बळकावून बसतो, आणि बोटाची साधी क्लिप दोन्हीतला फरक ओळखत नाही. ती खुशाल ९८ दाखवते. बारा-चोवीस तासांत त्यातला बराचसा निघून जातो. कफ आणि छातीची घरघर कमी व्हायला मात्र काही आठवडे लागतात.

प्रश्न : वडील अडत व्यापारी, वजन ११२ किलो, घोरणं शेजारच्या घरात ऐकू जातं. भूल देण्याआधी त्यांना उशा आणि चादरींच्या घड्या लावून जवळपास बसवलं. सरळ का झोपवलं नाही?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : उताणं झोपवलं की पोट छातीत घुसतं, छाती-पोटामधला पडदा वर ढकलला जातो आणि ऑक्सिजन साठवायची जागाच आकसते. ऑक्सिजनचा खर्च मात्र वजनाबरोबर वाढलेला. अशा माणसाला तीन मिनिटं भरूनही पुढं तीनेक मिनिटंच मिळतात. डोक्याकडची बाजू २५ अंश उचलली तर त्यात काही सेकंदांची भर पडते. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात अतिलठ्ठ पेशंटमध्ये ती ४५ सेकंदांच्या आसपास निघाली. ४५ सेकंद तुम्हाला किरकोळ वाटतील, मला नाही. त्या घड्या अंदाजानं लावलेल्या नसतात. कानाचं छिद्र आणि छातीच्या हाडाचं वरचं टोक एका रेषेत येईपर्यंत लावतात, म्हणजे घसा दिसायलाही सोपं जातं. घोरण्याबद्दल भूलतज्ज्ञांना तुम्ही आपणहून सांगितलंत का? सांगायला हवं. झोपेत श्वास अडकत असेल तर ऑपरेशननंतरची रात्रही जपावी लागते.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडं येणाऱ्या भूलतज्ज्ञ मॅडम नळी घालताना पेशंटच्या नाकात ऑक्सिजनची नळी चालूच ठेवायला सांगतात, तीही १५ लिटरवर. पेशंट तर श्वास घेत नसतो. मग तो ऑक्सिजन आत जातो कसा?
– एक परिचारिका, जि. परभणी

उत्तर : प्रश्न फार आवडला. छाती हलत नसली तरी फुप्फुसातून रक्त फिरत असतं आणि ते मिनिटाला अडीचशे मिली ऑक्सिजन उचलत राहतं. त्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड मात्र फारच थोडा बाहेर येतो, बाकीचा रक्तात आणि पेशींत विरघळून राहतो. म्हणजे फुग्यांतून जेवढं जातं त्यामानानं परत येतं ते अगदीच कमी. आत दाब किंचित उतरतो आणि घशात जे असेल ते आपोआप खाली ओढलं जातं. घशात खोलीतली हवा असेल तर नायट्रोजन जाईल, ऑक्सिजन असेल तर ऑक्सिजन. मॅडम घसा ऑक्सिजननं भरून ठेवतात, बस्स.

हे नवं नाही. १९५९ साली अमेरिकेत फ्रूमिन आणि सहकाऱ्यांनी भुलीतल्या काही पेशंटना श्वास न देता, नुसत्या ऑक्सिजनवर, ५५ मिनिटांपर्यंत ठेवून दाखवलं. ऑक्सिजन टिकला, पण कार्बन डायऑक्साइड भयंकर चढला. या उपायाची मर्यादा तीच. कार्बन डायऑक्साइडचा रक्तातला दाब पहिल्या मिनिटानंतर दर मिनिटाला पाऱ्याच्या ३-४ मिमीनं वाढतच राहतो. २०१५ मध्ये लंडनच्या पटेल आणि नौरेई यांनी गरम, दमट ऑक्सिजन मिनिटाला ७० लिटरनं नाकातून देऊन अवघड घशाच्या पेशंटमध्ये बराच वेळ मिळवता येतो हे दाखवलं. कोविडमध्ये तुम्ही हाताळलं असेल ते हाय फ्लो मशीन यासाठीच वापरतात.

तुमच्या कामाच्या दोन गोष्टी. रस्ता उघडा नसेल तर १५ लिटर वाया जातात. जबडा उचललेला हवा, जीभ मागं पडलेली नको. आणि नाकातल्या नळीवर मास्क ठेवला की कडेला फट राहण्याचा संभव असतो, तेव्हा सुरुवातीच्या तीन मिनिटांत बॅग हलते का बघा. हलत नसेल तर मॅडमना तसं सांगा. त्या रागावणार नाहीत. आणि सिलिंडरवर काम चालत असेल तर काटा आधी बघून घ्या, १५ लिटरनं लहान सिलिंडर लवकर संपतो.

जाता जाता एक सवय लावून घ्या. मॉनिटरचा आवाज ऐका. सॅच्युरेशन उतरायला लागलं की ‘टिक’चा सूर खाली येतो, आकडा बघावाही लागत नाही. आणि बोटातला आकडा काही सेकंद मागचा असतो. ९० पर्यंत तो रेंगाळत उतरतो, त्याखाली धाडकन कोसळतो. म्हणून ९३-९४ ला सूर बदलला की आम्ही दुर्बीण काढतो आणि पुन्हा मास्क लावतो. बोटावरून सॅच्युरेशन मोजणारं हे यंत्र ज्यांच्या डोक्यातून निघालं ते जपानी अभियंते ताकुओ आओयागी. त्यांनी १९७४ च्या सुमारास त्याचं तत्त्व मांडलं. त्याआधीच्या पिढीतले माझे सर ओठ, नखं आणि जखमेतल्या रक्ताचा रंग बघत. रंग निळसर दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असायचा.

प्रश्न : पिशवीचं ऑपरेशन ठरलं होतं. हिमोग्लोबिन ७ म्हणून पुढं ढकललं. पण मशीनवर तर ऑक्सिजन ९९ होता!
– एक भगिनी, जि. हिंगोली

उत्तर : ९९ हे प्रमाण आहे. जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती भरलंय, एवढंच ते सांगतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. १४ ग्रॅम असलेल्या बाईच्या १०० मिली रक्तात १८-१९ मिली ऑक्सिजन असतो, तुमच्या रक्तात साडेनऊच्या आसपास. दोघींच्या बोटावर आकडा ९९ च. ऑपरेशनमध्ये रक्त गेलं, श्वास दोन मिनिटं थांबला, तर जिच्याकडं निम्मंच आहे तिचं आधी संपणार. तातडीचं नसेल तर लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह घेऊन महिना-दीड महिन्यानं जा. पाळीत फार जात असेल तर तेही आधी थांबवून घ्या, नाहीतर भरलेलं पुन्हा जातं.

प्रश्न : नणंदेच्या लग्नाची मेंदी हाताला आहे, परवा अपेंडिक्सचं ऑपरेशन. मेंदी चालेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : साधी लालसर मेंदी बहुतेक वेळा अडचण करत नाही. काळी मेंदी आणि गडद नेलपॉलिश क्लिपला फसवू शकतात. पॉलिश काढून टाका. मेंदी काळी असेल तर आल्या आल्या सांगा, क्लिप कानाच्या पाळीला किंवा पायाच्या बोटाला लावता येते. आणि बीपीचा पट्टा ज्या दंडाला बांधलाय त्याच हाताच्या बोटाला कुणी क्लिप लावत असेल तर विचारा. पट्टा फुगला की त्या हातातलं रक्त थांबतं आणि नेमका तेव्हाच आकडा गायब होतो.